वायरलेसचे सर्टिफिकेट: फी भरण्याआधी एवढे पाहा

जून-जुलै आला की आमच्याकडे एकाच धाटणीची विचारणा सुरू होते. मुलाचा ईएनटीसीचा डिप्लोमा झाला आहे, किंवा मुलीचे बी.ई.चे शेवटचे वर्ष आहे. पुण्यातली किंवा ठाण्यातली एखादी संस्था 'टेलिकॉम आरएफ', 'फाइव्ह जी एक्स्पर्ट' अशा नावाचा तीन महिन्यांचा कोर्स देते. फी पन्नास-साठ हजार. शेवटी सोनेरी किनारीचे सर्टिफिकेट आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट'. दुबईतल्या मामूंनी फोनवर सांगितलेले असते की सर्टिफिकेट असेल तरच सीव्ही उघडतात. मग अम्मीच्या बांगड्यांकडे सगळ्यांचे लक्ष जाते आणि आम्हाला विचारले जाते, भरावी का ही फी?

एका शब्दात उत्तर देणे अवघड आहे. 'सर्टिफिकेट' हा शब्द एकच असला तरी त्याखाली चार अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक कायद्याने सक्तीची, दुसरी तटस्थ संस्थेची, तिसरी यंत्रे बनवणाऱ्या कंपनीची आणि चौथी शिकवणाऱ्या क्लासने स्वतःच छापलेली. जाहिरातीत या चारही एकमेकींसारख्या दिसतात. त्या ओळखता याव्यात म्हणून हा लेख.

आधी काम काय ते समजून घेऊ

मोबाइल टॉवरवर जी लांबट पांढरी पेटी दिसते तो अँटेना. तो किती उंचीवर लावायचा, कोणत्या दिशेला वळवायचा, खाली किती झुकवायचा, त्यातून किती शक्ती सोडायची, हे ठरवणारा तो आरएफ प्लॅनिंग इंजिनिअर. टॉवर सुरू झाल्यावर गाडीत लॅपटॉप आणि चार-पाच हँडसेट घेऊन गल्लीगल्लीतून फिरणारा तो ड्राइव्ह टेस्ट इंजिनिअर. त्याने आणलेली मापे पाहून कुठे कॉल तुटतो, कुठे दोन टॉवर एकमेकांच्या वाटेत येतात ते शोधणारा ऑप्टिमायझेशनवाला. टॉवरवर प्रत्यक्ष चढतो तो रिगर. शिवाय विमानतळ, रुग्णालये, मोठी दुकाने, कॉलेजे यांच्या आत वाय-फाय बसवणारे वेगळे आणि टॉवर ते टॉवर मायक्रोवेव्हची लिंक जुळवणारे वेगळे.

या सगळ्यांचा पाया एकच, तो म्हणजे डेसिबलचा हिशेब. तो ऐकायला कठीण वाटतो, पण दुकानाच्या वहीपेक्षा अवघड नाही. ३ डीबी वाढले की शक्ती दुप्पट, १० डीबी वाढले की दसपट. टॉवरने २० वॅट शक्ती सोडली तर ती ४३ डीबीएम. ३ कमी केले की ४० डीबीएम, म्हणजे १० वॅट. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डीबी जातात, म्हणजे शक्ती चौथाई उरते. मग भिंती, झाडे, पाऊस, डोंगर आपापला वाटा घेतात. फोनपर्यंत पोहोचेस्तोवर उणे १०० डीबीएम उरले, तर ती शक्ती एका वॅटचा दहा लाख कोटीवा भाग असते आणि तरीही बोलणे होते. ज्या मुलाला हा हिशेब तोंडी जमतो, त्याला मुलाखतीत अर्धे काम झाले असे समजावे. ज्याला फक्त सॉफ्टवेअरमधली बटणे दाबायला शिकवले आहे, तो दुसऱ्या प्रश्नाला अडकतो. आमच्या मते कोर्सची पहिली परीक्षा हीच. पहिला आठवडा कशावर घालवतात ते विचारा. डेसिबल, अँटेना आणि लहरींचा प्रवास यांवर असेल तर पुढचे ऐका.

घरातल्याच वाय-फायचे उदाहरण घ्या. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच वापरतात: १, ६ आणि ११. मुंब्रा किंवा कोंढव्यातल्या एखाद्या इमारतीत एका मजल्यावर आठ राऊटर असतात आणि सगळे या तिघांतच दाटीवाटीने बसतात. त्यात स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो. मग नेट अडखळते आणि आपण कंपनीला बोल लावतो. हे कारण शोधून काढणे, कागदावर मांडणे आणि दुरुस्त करणे हा आज एक स्वतंत्र पेशा आहे.

मार्कोनी साब कुठे गेले

पहिल्या प्रकारच्या सर्टिफिकेटचा इतिहास जुना आहे आणि आपल्या कोकणी घरांना तो परका नाही. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाले तेव्हा त्याच्या दोन वायरलेस ऑपरेटरांनी अखेरपर्यंत संदेश पाठवले. जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन या जहाजावर एकच ऑपरेटर होता आणि तो काम संपवून झोपला होता. त्यानंतर जहाजावर वायरलेसचा पहारा चोवीस तास हवा आणि तो परीक्षा दिलेल्या माणसाकडेच हवा, हा नियम जगभर पक्का होत गेला. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरून जहाजावर गेलेल्या बुजुर्गांना 'मार्कोनी साब' आठवत असतील. कानाला हेडफोन लावून टकटक करणारा हा रेडिओ ऑफिसर, त्याला वेगळी केबिन, वेगळा मान.

१ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांवर जीएमडीएसएस ही उपग्रह आणि आपोआप चालणाऱ्या यंत्रांची नवी पद्धत पूर्णपणे लागू झाली. मोर्सची टकटक गेली आणि तिच्याबरोबर बहुतेक जहाजांवरून तो हुद्दाही गेला. वायरलेसचे काम डेकवरच्या अधिकाऱ्यांकडे आले आणि त्यांच्यासाठी जीएमडीएसएसचे सर्टिफिकेट आवश्यक ठरले. मर्चंट नेव्हीत डेक ऑफिसर व्हायचे असेल तर हे सर्टिफिकेट घ्यावेच लागते. त्याला पर्याय नाही. पण डेक ऑफिसरच्या मार्गावर नसलेल्या मुलाला कोणी 'जीएमडीएसएस केलेस की जहाजावर नोकरी' असे सांगत असेल, तर तो पंचवीस वर्षांपूर्वी संपलेली नोकरी विकतो आहे. असे सांगणारे अजून भेटतात.

या गोष्टीतून वायरलेसचा एक स्वभाव कळतो. इथे कौशल्य जुने होते, आणि फार लवकर होते. जमिनीवरही हेच घडले. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टू-जीचे १२२ परवाने रद्द केले. काही कंपन्यांनी दुकान आवरले. २०१७-१८ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा बंद पडली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. डझनभर कंपन्यांच्या जागी मोजून चार उरल्या. ज्यांना एकाच कंपनीची एकच यंत्रणा येत होती ते घरी बसले. ज्यांचा पाया पक्का होता ते वाय-फाय, डेटा सेंटर, आखात अशा वाटांनी निघून गेले. मग १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह जी सुरू झाले, दीड-दोन वर्षांत चार लाखांहून अधिक फाइव्ह जी केंद्रे उभी राहिली आणि पुन्हा माणसे लागली. म्हणूनच या क्षेत्रातली चांगली सर्टिफिकेटे मुदतीची असतात. जन्मभर चालणारे सर्टिफिकेट कोणी देत असेल, तर आधी थोडा संशय घ्यावा.

तटस्थ परीक्षा आणि कंपनीच्या परीक्षा

आयईईई ही विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांची जागतिक संस्था. तिच्या कम्युनिकेशन्स सोसायटीने २००८ मध्ये वायरलेस इंजिनिअरांसाठी एक तटस्थ परीक्षा सुरू केली. चार तास, १५० पर्यायी प्रश्न. पदवी आणि सुमारे तीन वर्षांचा अनुभव असलेल्यांना डोळ्यासमोर ठेवून ती आखली होती. आमच्या दृष्टीने तिच्या कागदापेक्षा तिचा अभ्यासक्रम मोलाचा आहे. लहरी आणि अँटेना, निरनिराळी वायरलेस तंत्रे, नेटवर्कची रचना, देखभाल आणि सुरक्षा, टॉवर-वीज-अर्थिंग यांसारखी जागेवरची व्यवस्था, करार आणि सरकारी नियम, आणि मूळ विज्ञान असे सात भाग त्यात केले आहेत. एखाद्या क्लासची पुस्तिका या सात भागांशेजारी ठेवून पाहा. बहुतेक क्लास दोन भागांवर आटोपतात. अर्थिंग आणि नियम तर कोणी शिकवतच नाही, आणि प्रत्यक्ष साइटवर सगळा घोळ तिथेच होतो.

वाय-फायच्या क्षेत्रात सीडब्ल्यूएनपी या संस्थेच्या परीक्षा कोणत्याही एका कंपनीच्या यंत्राला बांधलेल्या नाहीत. त्यांतली पायाची ती सीडब्ल्यूएनए. ९० मिनिटे, ६० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. मुदत तीन वर्षे. त्यापुढे सुरक्षा, डिझाइन आणि विश्लेषण अशा तीन परीक्षा, आणि सर्वांत वर सीडब्ल्यूएनई. ती पायरी नुसत्या परीक्षेने मिळत नाही. किमान तीन वर्षांचा अनुभव आणि केलेल्या कामाचे लेखी वर्णन द्यावे लागते. अशी अट ज्या सर्टिफिकेटला आहे त्याची किंमत टिकते.

कंपन्यांच्या परीक्षांत सिस्कोची सीसीएनए सगळ्यांना ठाऊक आहे. दोन तासांची परीक्षा, फी ३०० डॉलर, म्हणजे करासह पंचवीस हजारांच्या पुढे. मुदत तीन वर्षे. ती मुळात नेटवर्किंगची परीक्षा आहे, वायरलेस तिचा एक छोटा भाग. तरीही नवख्या मुलाने आधी हीच करावी असे आमचे मत आहे, कारण टॉवर असो वा वाय-फाय, शेवटी सारे काही नेटवर्कलाच जोडलेले असते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परीक्षेची फी वेगळी आणि शिकवण्याची फी वेगळी. परीक्षा द्यायला क्लास लावलाच पाहिजे असे सीसीएनएला किंवा सीडब्ल्यूएनएला नाही. क्लासवाला 'सीसीएनए सर्टिफिकेट कोर्स' म्हणतो तेव्हा त्यात परीक्षेची फी धरली आहे की नाही, हे कागदावर लिहून घ्या. अनेक मुले कोर्स संपवून क्लासचेच 'कम्प्लीशन' घेऊन येतात आणि घरचे समजतात सीसीएनए झाले.

नोकिया, हुआवे यांसारख्या यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांच्याही स्वतःच्या परीक्षा आहेत. त्यांची किंमत जागेवर अवलंबून. आखातात हुआवेची यंत्रे भरपूर आहेत. भारतात मात्र जून २०२१ पासून टेलिकॉम कंपन्यांना सरकारने विश्वासार्ह ठरवलेल्या पुरवठादारांचीच नवी उपकरणे जोडता येतात. तेव्हा मुलगा रियाधला जाणार की नवी मुंबईत राहणार, हे ठरल्याशिवाय एका कंपनीच्या परीक्षेवर पैसे घालू नयेत.

आता चौथा प्रकार. क्लासने स्वतः छापलेल्या सर्टिफिकेटला बाजारात वेगळी किंमत नाही. तिथे जे हाताने शिकवले असेल तेवढीच किंमत. म्हणून वर्ग पाहायला मुलाबरोबर घरातले कोणी तरी जा. ड्राइव्ह टेस्टची गाडी खरेच फिरते का, की जुन्या नोंदी पडद्यावर दाखवतात? स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर किंवा केबलमधला दोष मापणारे साइट मास्टर मुलांच्या हातात देतात का, की कपाटात ठेवले आहे? गेल्या वर्षीच्या पाच मुलांशी बोलू द्या म्हणा. आमच्या ओळखीच्या एका घराने अशाच एका क्लासला साठ हजार भरले. 'प्लेसमेंट' म्हणून मिळाली ती कंत्राटदाराकडची महिना अकरा हजारांची नोकरी, पेट्रोल आपले. मुलगा हुशार होता, दोन वर्षांत पुढे गेला. पण ती नोकरी त्याला क्लासशिवायही मिळाली असती.

त्यापेक्षा आधी फुकट काय मिळते ते पाहावे. आयआयटी आणि बेंगळुरूच्या आयआयएससीने चालवलेल्या एनपीटीईएलवर वायरलेस कम्युनिकेशनचे पूर्ण कोर्स विनामूल्य आहेत. आयआयटी कानपूरचे प्रा. आदित्य जगन्नाथम यांची व्याख्याने विशेष प्रसिद्ध आहेत. शिकायला पैसे नाहीत. परीक्षा केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची असेल तरच हजार रुपयांच्या आसपास फी. इंग्रजी जड जाते अशी तक्रार उर्दू आणि मराठी माध्यमाची मुले करतात आणि ती खरी आहे. पण एकच व्याख्यान तीनदा थांबवून ऐकण्याची सोय क्लासमध्ये नसते.

टॉवरवर चढण्याचे शिक्षण

हा भाग जाहिरातीत नसतो म्हणून मुद्दाम लिहितो. डिप्लोमा किंवा आयटीआय झालेल्या मुलांना पहिली नोकरी अनेकदा टॉवरच्या पायथ्याशीच मिळते आणि 'जरा वर जाऊन बघ' असे सहज म्हटले जाते. उंचीवर काम करण्याचे प्रशिक्षण एक-दोन दिवसांचे असते, आणि ते न घेता कोणाच्याही मुलाने वर चढू नये. कंबरेचा पट्टा पुरेसा नाही. खांदे, छाती, मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस हवा. त्याला दोन हूक असतात. एक काढायचा तर दुसरा अडकलेला असलाच पाहिजे. पावसात, वाऱ्यात, विजा चमकत असताना चढणे नाही. चालू अँटेनाच्या तोंडासमोर उभे राहून काम करायचे असेल तर आधी खालून त्याची शक्ती बंद करून घ्यायची. पहिल्याच दिवशी हार्नेस दिला नाही तर मुलाने खालीच थांबावे, आणि घरच्यांनी त्याला त्यात साथ द्यावी. महिन्याचा पगार गेला तरी चालेल.

मोहल्ल्यात टॉवरच्या किरणांची जी भीती असते तिच्याविषयी इतकेच की भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली आहे. लांब घरात बसलेल्याची गोष्ट वेगळी आणि अँटेनासमोर हातभर अंतरावर असलेल्या रिगरची वेगळी.

मुलींच्या बाबतीत अम्मी-अब्बा हाच टॉवर डोळ्यासमोर आणून नको म्हणतात. प्लॅनिंग, ऑप्टिमायझेशन, वाय-फायचे डिझाइन, नेटवर्कवर नजर ठेवणारे केंद्र ही सगळी संगणकासमोरची कामे आहेत. नजर ठेवणाऱ्या केंद्रात रात्रपाळी असते, हे आधी विचारून घ्यावे. बाकीच्या कामांत मुलींना अडवण्यासारखे आम्हाला काही दिसत नाही.

आखाताची वाट: सर्टिफिकेटच्या आधी डिग्री

आता ज्या मुद्द्यावर खरे नुकसान होते तो. २०१८ मध्ये कुवेतने इंजिनिअर म्हणून काम करणाऱ्या परदेशी माणसांचा परवाना नव्याने देण्यासाठी कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्सची मान्यता सक्तीची केली. भारतीय डिग्री ग्राह्य धरताना कॉलेजच्या त्या शाखेला एनबीएचे मानांकन आहे का, हे पाहिले जाऊ लागले. वर्षानुवर्षे तिथे काम करणारे, कुटुंब नेलेले भारतीय इंजिनिअर एकाएकी अडचणीत आले. अनेकांच्या कॉलेजला विद्यापीठाची आणि एआयसीटीईची मान्यता होती, पण एनबीए नव्हते. काहींना हुद्दा बदलून कमी दर्जाच्या नावावर राहावे लागले. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. हातात अनुभव होता, कंपन्यांची सर्टिफिकेटे होती. अडले ते मूळ डिग्रीवर.

म्हणून प्रवेश घेतानाच दोन गोष्टी पाहा. एनबीए कॉलेजला मिळत नाही, एकेका शाखेला मिळते आणि ठरावीक वर्षांपुरते मिळते. एकाच कॉलेजात कॉम्प्युटरला असेल आणि ईएनटीसीला नसेल असे होते. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन करारात पूर्ण सदस्य झाला तो एनबीएच्याच द्वारे, त्यामुळे कुवेतबाहेरही या मानांकनाला अर्थ आहे. दुसरी गोष्ट नोकरी करता करता डिग्रीच्या तोडीची परीक्षा देणाऱ्यांसाठी. आयईटीई या जुन्या, नामांकित संस्थेची एएमआयईटीई ही परीक्षा पूर्वी केंद्र सरकार बी.ई.च्या बरोबरीची मानत असे. ती मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरती होती. गावातले कोणी जुने इंजिनिअर 'मी तेच करून सौदीला गेलो' असे सांगतील. त्यांच्या काळी ते खरे होते.

सौदी अरेबियात इंजिनिअर या हुद्द्यावर राहायचे तर सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सकडे नोंदणी लागते. डिग्री खरी आहे का हे थेट विद्यापीठाकडून तपासले जाते. डिप्लोमावाल्याची नोंद टेक्निशियन म्हणून होते, मग हातात कितीही परीक्षा असोत. एजंट 'व्हिसा इंजिनिअरचा काढतो' म्हणाला तर त्याच्यावर विसंबू नये. नोंदणीच्या वेळी ते उघडे पडते आणि इकाम्याचे काम अडते.

कागद साक्षांकित करण्याची पद्धतही देशागणिक वेगळी. सौदी अरेबिया २०२२ च्या डिसेंबरपासून अपोस्टिल पद्धतीत आहे, ओमान आणि बहारीन आधीपासून आहेत. अमिराती आणि कुवेतसाठी परराष्ट्र मंत्रालयानंतर वकिलातीचा शिक्का लागतो. नाव आणि वडिलांचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर, डिग्रीवर आणि पासपोर्टवर अक्षरशः सारखे असावे. शेख, शैख आणि एसके यांतल्या फरकावर आपल्या किती मुलांचे महिने गेले आहेत!

लहान मुलांसाठी एक परीक्षा

शेवटी एक स्वस्त आणि सुंदर दार. केंद्र सरकारचा वायरलेस नियोजन विभाग हौशी रेडिओची, म्हणजे हॅम रेडिओची परीक्षा घेतो. बारा वर्षे पूर्ण झालेले कोणीही मूल ती देऊ शकते. तिच्या दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही, जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने घ्यावे आणि पाठवावे लागते. परीक्षा आणि नंतर परवाना, या दोन्ही पायऱ्या पार केल्या की स्वतःच्या नावाचे कॉल साइन मिळते. हा नोकरीचा कागद नाही. पण ज्या मुलाने आठवीत गच्चीवर तार बांधून हजार मैलांवरचा आवाज ऐकला आहे, त्याला अँटेना म्हणजे काय हे कॉलेजात वेगळे सांगावे लागत नाही.

२००४ च्या डिसेंबरात दिल्लीच्या भारती प्रसाद काही सोबत्यांसह हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ तारखेला सुनामी आली आणि बेटांवरचे फोन तुटले. तेव्हा त्यांच्याच यंत्रावरून मुख्य भूमीशी संपर्क सुरू राहिला. कोण सुखरूप आहे, कुणाला काय हवे, हे निरोप त्यांनी दिवसरात्र पोहोचवले. या परीक्षेचा अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार या पोर्टलवर भरायचा असतो, आणि अभ्यासाला आठवी-दहावीच्या विज्ञानाचे पुस्तक अर्ध्यापर्यंत पुरते.